माझ्या दुकानातलं राज्य

दिल्लीनं वर उत्तरेकडं तीन नवी राज्यं केली त्या साली नाशिकच्या द्वारका चौकात दुसरं बोलणंच नव्हतं. त्यांना मिळतं, मग आपल्याला का नाही? वेगळं खान्देश पाहिजे, आणि त्याची सरकारी भाषा आहिराणी पाहिजे. हायवेला लागून माझं गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, बसवायचं दुकान. भट्टी, घण, दोन कामगार, आणि समोर बाकडं. त्या बाकड्यावर बागलाणातून, मालेगावाकडून आलेले ड्रायव्हर बसायचे नि राज्य वाटायचे.

मीही बागलाणातलाच. दुसरीतून शाळा सुटली. सुटली म्हणजे मास्तरनं सोडवली. पुस्तकातल्या वाक्याला ‘आहे’च्या जागी मी ‘शे’ म्हटलं, की पट्टी बसायची. रोज बसायची. एक दिवस पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. पुढं लिहायला-वाचायला शिकलो ते ट्रकच्या मागच्या अक्षरांवरून. त्यामुळं आहिराणीत कारभार चालणार, असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची, यात लपवण्यासारखं काही नाही.

शेजारचा पंक्चरवाला नाशिकचा. तो चिडवायचा. म्हणायचा, आप्पा, तुमची हद्द चांदवडच्या घाटापाशी संपणार. मग तुम्ही इथं परमुलखातले. तुम्हाला दुकान चालवायचं तर आमच्या भाषेत परीक्षा द्यावी लागेल, आणि तुम्ही तर दुसरी नापास. बाकडं हसायचं. एक म्हातारा ड्रायव्हर मात्र मनापासून सांगायचा, की एका महाराष्ट्रासाठी माणसं मेली, आता तुम्ही बोलीपायी त्याच्या चिरफळ्या करताय, सुरगाण्याचा कोकणा आदिवासी उद्या काय मागेल? माझ्याजवळ उत्तर होतं ते साहेबांचं.

साहेब म्हणजे आमच्याच तालुक्यातले वकील. गंगापूर रोडला बंगला. वेगळ्या राज्याच्या सभा तेच भरवायचे. माझ्या दुकानात येऊन बाकड्यावर बसले, माझ्या कपातला चहा प्याले आणि आहिराणीत बोलले. एवढा शिकलेला माणूस माझ्याशी माझ्या बोलीत बोलतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. सभेत ते म्हणायचे, “आपली बोली हाऊच आपला सातबारा शे.” म्हणायचे, आपल्या राज्यात ज्याला आहिराणी येत नाही त्याला शिपायाचीही नोकरी नाही. या वाक्याला सगळ्यांत जास्त टाळ्या माझ्या. माणसं मी गोळा करायचो, सतरंज्या मी टाकायचो.

साहेबांचा मुलगा ओझरला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. माझी मुलगी दहावी झालेली, दिसायला उजवी, हाताला चव. एका मध्यस्थानं विषय काढला आणि साहेब म्हणाले, येतो बघायला. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

बायकोनं मात्र वेगळंच सुरू केलं. पोरीला टीव्हीपुढं बसवून बातम्या ऐकवायची. ‘आहे’ म्हण, ‘मला येतो’ म्हण, ‘हो’ म्हण. पोर भांडी घासतानाही पुटपुटायची. मी ऐकलं आणि टीव्ही बंद केला. सांगितलं, ज्या घरात ही जाणार त्या घराचा धनी या बोलीसाठी राज्य मागतो. पोरीला म्हटलं, तू घरात बोलतेस तसंच त्यांच्यापुढं बोल, ते खूश होतील. बायको म्हणाली, “भाषण येगळं ऱ्हास, सून येगळी ऱ्हास.” मी तिला गप्प बसवलं. पोरगी माझ्याकडं बघत होती. ती आईपेक्षा माझं ऐकायची.

पाहुणे आले. साहेब, त्यांची बायको, मुलगा. पोरीनं सकाळपासून खापरावर मांडे केले होते. हातावर फिरवून फिरवून एवढा मोठा नि पातळ मांडा, की पलीकडचं दिसावं. पोहे-चहावर भागलं असतं, पण आमच्याकडं मांडा म्हणजे मान. साहेबांच्या बाईंनी शुद्ध, तासून घेतलेल्या मराठीत विचारलं, “स्वयंपाक येतो का गं सगळा?”

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“माले समदा सैपाक येस,” ती म्हणाली. “खापरवरना मांडा बी करस मी.”

मुलानं रुमाल तोंडाला लावला. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि मग पोरीच्याच आवाजात, तिच्यासारखीच मान खाली घालून म्हणाल्या, “मांडा बी करस मी.” इतकी बरोबर नक्कल, की एक क्षण मला वाटलं, पोरगीच पुन्हा बोलली. मुलाला हसू फुटलंच. मग बाईंना चेव आला. शाळेत कितवी होतीस, म्हण बघू. तुझ्या मैत्रिणीचं नाव काय, सांग बघू. आणि मग, “परत म्हण ना, शेवटचं ते.” पोपटाला बोलवतात तसं. पोरगी प्रत्येक वेळी म्हणत गेली, कारण बापानं सांगितलं होतं. तिचा आवाज बारीक होत गेला, पण तिनं बोली बदलली नाही.

मी साहेबांकडं बघत होतो. आता थांबवतील, मग थांबवतील. साहेब मांड्याचा घास मोडून हसले. मला म्हणाले, तेही मराठीत, “गोड बोलते हो. हिला आपल्या सभेत बोलवू.”

मांडे सगळे संपवले. आठवड्यानं मध्यस्थ आला. मुलगी चांगली आहे, म्हणाला, पण मुलाला कंपनीत मोठ्या लोकांत वावरायचं असतं. आणि एक निरोप वेगळा होता. पुढच्या सभेत मुलीनं नऊवारी नेसून स्वागताचं आहिराणी गाणं म्हणावं, साहेबांची फार इच्छा आहे.

मध्यस्थाला मी दारातूनच हाकललं. आत आलो तर पोरगी चूल सारवत होती. म्हटलं, बेटा, हसणाऱ्यांचे दात दिसतात, आपलं काय जातं? ती म्हणाली, “काही नाही, बाबा.”

त्याआधी ती मला आबा म्हणायची. त्या दिवसापासून माझ्याशी ती टीव्हीतल्या बाईसारखी बोलायला लागली. आहे, नाही, हो, नको. आईशीही तसंच. दीड वर्षानं तिला सिन्नरला दिली. जावयाचं किराण्याचं दुकान आहे, माणसं बरी आहेत. लग्नात हळदीची गाणी बायका म्हणत होत्या तेव्हा ही ओठ मिटून बसली होती. मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. बोलीची लाज त्यांना वाटली, मला नाही.

राज्य काही झालं नाही. सभा पातळ झाल्या, मग बंद पडल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, आखाजीला, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेला, आठ-दहा दिवस असतील, भर दुपारी एक जीप दुकानापुढं एका बाजूला कलून थांबली. मागचा मुख्य पाटा मोडलेला. ड्रायव्हर उतरला. मागं साहेबांच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, आप्पा, हातातलं सोडा, बाईंच्या आईचं जास्त आहे, गावी पोचायचंय. बाईंनी काच खाली करून सांगितलं, “जरा लवकर करा हो, पैसे किती का होईनात.”

मी घण खाली ठेवला. म्हटलं, बाई, या दुकानाची सरकारी भाषा आहिराणी आहे. साहेबांनीच ठरवून दिलीय. दुसऱ्या भाषेतला अर्ज इथं घेत नाहीत.

कामगार हसले. बाकडं हसलं. बाई पुन्हा मराठीत बोलल्या, विनवून बोलल्या. मी विडी पेटवली. ड्रायव्हर दुसरं दुकान शोधायला निघाला, पण कललेली जीप जाणार कुठं? बाई खाली उतरल्या. डांबर पायाखाली मऊ झालं होतं. पदर डोक्यावर घेऊन त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “आमनी गाडी करी द्या.”

“आयकू नही वनं,” मी म्हटलं.

त्यांनी परत म्हटलं. मी म्हटलं, शेवटचं तेवढं परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. आणि मग मी न सांगता त्यांच्या तोंडून आलं, “भाऊ, मनी माय जाई राह्यनी व्हई.”

आई जात असेल, एवढंच त्या बोलल्या. पण त्या बोलण्यात शिकवलेलं काही नव्हतं. माझी आई बोलायची तसा, आमच्या नदीच्या अल्याडच्या गावांचा हेल होता. तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी बाईंनी नक्कल केलीच नव्हती. ती त्यांच्या आईची बोली होती, माळ्यावर टाकलेल्या भांड्यासारखी जपून ठेवलेली.

मी विडी विझवली आणि पाटा चढवला. पाटा चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. पण त्याआधी अर्धा तास म्हणा, पाऊण तास म्हणा, साहेबांना न जमलेलं ते राज्य माझ्या दुकानात होतं. त्याची भाषा होती, कायदा होता. जीप गेल्यावर बाकडं परत हसलं आणि मीही हसलो. बाईंची म्हातारी त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत गेली, असं दोन दिवसांनी गावाकडच्या ड्रायव्हरनं सांगितलं. बाई पोचल्या का, ते मी विचारलं नाही.

आखाजीला मुलगी माहेरी आली. आमच्या गल्लीत बागलाणाकडची चार घरं आहेत; लिंबाला झोका बांधतात, लेकीबाळी गाणी म्हणतात. पोरगी चहा करत असताना मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी हसेल. तुझा हिशेब चुकता केला, असं मी म्हणालोही. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला आणि आईला म्हणाली, मी जरा जाऊन येते.

ती साहेबांच्या बंगल्यावर गेली. भेटायला. आमच्यात दुःखाच्या घरी भेटायला जातात तशी, हातात काही न घेता. बायको तिच्याबरोबर गेली होती, तिनं नंतर सांगितलं. बाई दारात दिसल्या आणि पोरगी त्यांच्या गळ्यात पडली. मग दोघी ओट्यावर बसल्या. बाई म्हातारीचं सांगत होत्या, आणि ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होती. दुपारभर. आहिराणीत.

मी विचारलं, काय बोलत होत्या? बायको म्हणाली, मी दूर बसले होते.

संध्याकाळी झोक्यावर गाणी चालली होती. पोरगी त्यांच्यात गेली नाही. पिशवी भरून दारात आली, वाकून पाया पडली.

“येते मी, बाबा,” म्हणाली. “काळजी घ्या.”