माझ्या भुकटीचा सत्कार

बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता मी एक नवं संयुग तयार केलं. उकळून, गाळून, वाळवून हाती आली ती चिमूटभर पिवळी भुकटी. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकली, तर त्या मेल्या. ही बातमी मी घरी जेवताना सांगितली, तिथंच चुकलो. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या, कन्हेरीच्या चौकात माझा फ्लेक्स झळकला: 'कॅन्सरवर औषध शोधणारे गावचे सुपुत्र.' माझ्या डोक्यावर नेत्यांच्या फोटोंच्या दोन रांगा होत्या, जणू भुकटी त्यांनीच वाळवली होती.

"अजून निरोगी पेशींवर चाचणी व्हायचीय," मी चुलत्यांना म्हणालो.

ते तंबाखू मळत होते. "ती हुईल की निवांत. शाल-नारळ आणलाय."

सत्कार झाला आणि मग निकाल आला. भुकटीनं निरोगी पेशीही तितक्याच तत्परतेनं मारल्या होत्या. तेवढं तर उसातलं तणनाशकही करतं, पण त्याला कोणी शाल पांघरत नाही.

मी फ्लेक्स उतरवायला सांगितला. चुलत्यांनी तो उतरवला, पण आमच्याकडं फ्लेक्स वाया घालवत नाहीत. चौकातल्या पानटपरीला आता त्याचंच छप्पर आहे.

परवा त्याच सावलीत चुलते तंबाखूची नवी पुडी फोडत होते. मला बघून म्हणाले, "दुसरी भुकटी बनव सावकाश. तवर आमी हाय हितंच."