किरिबातीचा तक्ता

गोंदाची बाटली उघडली की त्या वासाबरोबर आखातात राहायचो तेव्हाच्या अझैबातल्या घराची गार फरशी आणि तिच्यावर पसरलेला लेकीचा तक्ता आठवतो. ती पाचवीत होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिच्या वाट्याला किरिबाती हा पॅसिफिकमधला चिमुकला देश आला होता. बाकीच्यांचे तक्ते त्यांच्या इंजिनियर बाबांनी ऑफिसात छापून आणले. हिनं होडीतून शाळेला जाणारी मुलं स्वतः रंगवली आणि खाली लिहिलं, ‘इथे लहान वर्गांत मुलांच्याच भाषेत शिकवतात.’ प्रदर्शनाच्या सकाळी तिच्या बाईंनी, त्याही मराठीच, त्या ओळीवर कोरा कागद चिकटवला. मला म्हणाल्या, “पाहुणे येणार आहेत हो, फार मागासलेलं वाटतं ते.” माझं डोकंच फिरलं. यात मागासलेलं काय, मुलांना स्वतःच्या भाषेची लाज वाटावी म्हणून शाळा चालवता का, असं सगळ्यांसमोर ताडताड सुनावलं. बाईंनी कागद ओढला, त्याबरोबर अर्धी ओळही फाटून आली. परतताना गाडीत लेक म्हणाली, “मम्मा, पण तू पण टीचरला सगळं इंग्लिशमध्येच बोलली.” बाईंचा राग मला आजही येतो. पण त्या दिवशी लेकीला मी गप्प केलं, तेही इंग्रजीतच.