पाचपैकी पाच

मी स्की करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्यातल्या नातेवाइकांचा समज वेगळा आहे. मुलगी स्कीइंग करते म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बर्फाची शिखरं उभी राहतात, आणि मी पाठवलेले फोटो बघून ते गप्प होतात. फोटोत बर्फ नसतोच. आमचा स्लोप म्हणजे टेकडीच्या उतारावर अंथरलेली प्लॅस्टिकची चटई, भांडी घासायच्या ब्रशासारखी टोचरी. स्की नीट घसरावी म्हणून तिच्यावर सतत पाण्याचे फवारे सोडतात. वर पाऊस असतोच. इंग्लंडात, वॉटफर्डच्या आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. पाच वर्षं दर मंगळवारी मी तिथे कठड्याला टेकून उभी राहिले.

मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेबरोबर एकदा तिथे गेली आणि तिथलीच झाली. तोवर तिने स्विमिंग सोडलं होतं, कथक सोडलं होतं, व्हायोलिन तर शेजाऱ्यांच्या सुखासाठी आम्हीच सोडवलं. शाळेत तिला फारशा मैत्रिणी नव्हत्या. स्लोपवर मात्र ती मोठ्याने हसायची, लहान मुलांना ओरडून सूचना द्यायची, आणि तिथल्या स्की क्लबच्या टीममध्ये आल्यापासून सोमवारी रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवायची. त्या चटईच्या तुकड्याबाहेर ती कशी असते हे मला माहीत होतं, म्हणून तो तुकडा मला देवघराइतका जपावासा वाटे.

हा स्लोप कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, एका कंपनीला चालवायला दिला होता, आणि ती कंपनी तो कसा चालवते याबद्दल स्कीअर मंडळींची मतं कार पार्कमध्ये ऐकायला मिळत. इंग्रज माणूस तक्रार करतो ती फ्लास्कमधला चहा ओतत, हसत हसत, पण करतो. अर्धे फवारे बंद आहेत. चटईचे सांधे उखडलेत, पडताना त्यात अंगठा अडकला तर मोडतो. वर नेणारी लिफ्ट आठवड्यातून दोनदा मध्येच थांबते आणि मुलं उतारावर लोंबकळत राहतात. आणि खालचा चांगला भाग ट्यूबिंगला दिलाय, म्हणजे हवा भरलेल्या रबरी ट्यूबांत बसून घसरायचं, वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी. क्लबच्या कोच बाई सत्तरीच्या, याच चटईवर शिकलेल्या. त्या एकदा म्हणाल्या, "या लोकांचा स्कीइंगवर राग नाहीये. त्यांना ते आठवतच नाही."

मग कंपनीने सर्व्हे काढला. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की सगळ्यांनी खरं खरं लिहायचं, फवारे, सांधे, लिफ्ट, सगळं. मी अंगठा वर करून मोकळी झाले.

फॉर्म भरायची वेळ आली ती स्लोपच्या कॅफेत. स्लोपचा मॅनेजर स्वतः टॅबलेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. पन्नाशीचा, सदा ओल्या बुटांतला माणूस. तीनच आठवड्यांपूर्वी एका शनिवारी, मी तिथे नसताना, मुलगी पडली तेव्हा याच माणसाने गुडघ्यावर बसून तिच्या मनगटाला पट्टी बांधली होती आणि मी येईपर्यंत तिच्याशी गप्पा मारत बसला होता. तो समोर उभा. स्क्रीनवर पाच चेहरे, लाल रडक्यापासून हिरव्या हसऱ्यापर्यंत.

मी ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा धंदा. पण आमच्या धंद्यात माणसाला मार्क द्यायची वेळ आली की हात आखडतो. पाचपैकी चार म्हणजे नापास, आणि ते चार कुणाच्या तरी अप्रेझलमध्ये जाऊन बसतात, हे आम्ही पुण्याच्या पहिल्या नोकरीत शिकलो. त्यात आमच्या आईची शिकवण अशी की खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. मी सगळीकडे हिरवा चेहरा दाबला. खाली एक मोकळी चौकट होती. तीही रिकामी कशी सोडायची? मी लिहिलं की सगळं फार उत्तम ठेवलं आहे, स्टाफ अतिशय प्रेमळ आहे, आणि माझ्या मुलीचा तेरावा वाढदिवस आम्ही ट्यूबिंगमध्ये केला, तिला तेही खूप आवडतं. मॅनेजरला टॅबलेट परत दिला. तो काहीतरी बोलणार होता, पण नुसतं थँक्यू म्हणाला. मला वाटलं, चला, एका माणसाचं भलं केलं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी अकरा वाजता, कंपनीने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. क्लबचे झाडून सगळे आले होते, मुलगीही माझ्या शेजारी. कंपनीच्या बाई स्लाइड दाखवत होत्या. मतं मिश्र आहेत, म्हणाल्या. नव्या हंगामापासून पूर्ण उतार ट्यूबिंगला द्यायचा विचार आहे, आणि क्लबच्या कुटुंबांचाही त्याला पाठिंबा दिसतो. पुढच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत एक मत होतं, खाली लिहिलेलं, क्लबमधील एक पालक.

माझंच वाक्य होतं. माझं इंग्रजी मी कुठेही ओळखेन. मुलीनेही ओळखलं. तेरावा वाढदिवस तिथे क्लबमधल्या दुसऱ्या कुणी केलाच नव्हता.

"आई, हा तू लिहिलंस?" तिने कानाशी येऊन विचारलं. "बट यू हेट ट्यूबिंग. घरी तू बोलली, दॅट्स फॉर बेबीज."

मी उभी राहिले. म्हटलं, ते मत माझं आहे, आणि ते खरं नाही. मी नुसतं चांगलं बोलायचं म्हणून लिहिलं. ते काढून टाका आणि त्याजागी फवारे, सांधे आणि लिफ्ट लिहून घ्या. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाई अगदी मायेने हसल्या. सर्व्हे बंद झालाय, म्हणाल्या, पण तुमचं म्हणणं आम्ही नक्की टिपून घेऊ. टिपायला त्यांच्या हातात पेनसुद्धा नव्हतं. मग पुढची स्लाइड आली. कोच बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत समोर पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर पडताना मॅनेजर दाराशी भेटला. मी माफी मागायला लागले. म्हटलं, तुमच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून मी तसं लिहिलं.

"दुरुस्तीसाठी मी दोन वर्षं वर लिहितोय," तो म्हणाला. "तुम्ही सगळे भरपूर शिव्या घालाल म्हणून तर मी तो टॅबलेट घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होतो."

मी पुन्हा सॉरी म्हटलं. ट्यूबिंगला स्कीइंगच्या माणसाची गरज नाही, म्हणून त्यालाही मार्चपर्यंतच ठेवणार होते. हे त्याने तक्रारीच्या सुरात नाही, रस्ता सांगावा तसं सांगितलं. मी ज्याला वाचवायला गेले त्यालाच खड्ड्यात घातलं होतं.

गाडीत बसलो. मी म्हटलं, आपण याचिका करू, कौन्सिलला लिहू, कौन्सिलरला भेटू. मंगळवारी दुसरीकडे कुठे जाता येईल ते बघू. ती ऐकत होती की नाही कळेना. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. तिने ओरडावं, दार आपटावं, असं वाटत होतं. घराच्या रस्त्याला लागलो तेव्हा तिने विचारलं, आणि आवाजात राग अजिबात नव्हता.

"आई, रेसनंतर तू दरवेळी बोलते ना, खूप छान केलंस. ते पण असंच होता?"

सिग्नल लाल होता. मी तिच्याकडे वळून म्हटलं, नाही गं राणी, ते खरं होतं, तू खरंच छान करतेस. माझं मन त्या क्षणी आरशासारखं स्वच्छ होतं. ती हलकेच हसली, दुकानातल्या स्टाफशी सभ्यपणापुरतं हसतात तशी, आणि म्हणाली, "इट्स ओके, आई. यू डोन्ट हॅव टू."