मांडणीवरची उभी बाटली

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे थांबामास्तर म्हणत. तुम्ही म्हणाल, कपडे वेळेवर देत नसेल. छे, कपड्यांच्या बाबतीत माणूस शब्दाचा पक्का; मंगळवार म्हणजे मंगळवार. नाव पडलं ते वाइनमुळे. मास्तर घरी द्राक्षांची वाइन करायचे, आणि कुणी घोटभर मागितली की मशीनवरचा पाय न काढता म्हणायचे, "थांबा, अजून मुरायचीय."

आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मी ते सगळं जवळून पाहिलंय. परसातल्या वेलाची काळी द्राक्षं उतरवली की दुकान बंद. देठ न् देठ खुडायचा, कारण देठाने तुरटपणा येतो. मग द्राक्षं हाताने फोडून सालीसकट पिंपात. फसफस सुरू झाली की वर आलेला सालींचा थर लाकडी दांड्याने पुन्हा पुन्हा खाली दाबायचा. पुढे रस गाळून काचेच्या बुधल्यात, तळाचा गाळ न हलवता नळीने दुसऱ्या बुधल्यात, आणि बुधला अगदी गळ्यापर्यंत भरलेला. मास्तर म्हणत, हवा म्हणजे वाइनची सवत, जराशी फट दिसली की शिरलीच घरात. यावर वहिनी आतून म्हणायच्या की सवतीची भीती खरं तर मला असायला हवी, यांचा जीव त्या बुधल्यातच गुंतलाय.

पहिल्या वर्षीची कोवळी वाइन चाखून वहिनींनी तोंड असं काही वाकडं केलं होतं, की मास्तरांना ते जिव्हारी लागलं. तेव्हाच त्यांनी शब्द दिला की तुला एकदा अशी पाजीन, की जन्मभर नाव काढशील. पुढे एका वर्षी द्राक्षं फार गोड उतरली. त्या वर्षीच्या बाटल्या त्यांनी वहिनींसाठी म्हणून जिन्याखालच्या थंड अंधारात आडव्या निजवल्या. बाटली आडवी हवी. बूच ओलं राहतं, फुगलेलं राहतं, हवा आत जात नाही. हे ज्ञान त्यांनी मापं घेता घेता गल्लीतल्या प्रत्येकाला पाजलं. वाइन मात्र नाही पाजली.

आणि गंमत अशी, की हे सांगताना त्यांच्या हातात असायची ती मांडणीवरची उभी बाटली. त्याच वर्षीची एक, गिऱ्हाइकांना दाखवायला दुकानात ठेवलेली. खिडकीपाशी नेऊन रंग दाखवायचा आणि पुन्हा उभी करायची. वहिनी येता-जाता तिच्यावरची धूळ पुसत. लग्नाच्या वाढदिवसाला विचारत, "काय हो, यंदा?" मास्तर म्हणत, आणखी एक वर्ष. असं करता करता वहिनींचे केस पिकले, मास्तरांना सुईत दोरा ओवायला त्यांची गरज पडू लागली, आणि ते एक वर्ष काही सरेना.

मग एका थंडीत वहिनींना ताप आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. बऱ्या झाल्या, हिंडूफिरू लागल्या, पण मास्तरांनी धसकाच घेतला. त्या वाढदिवसाला स्वतःहून म्हणाले, आज उघडू. भिंतीवर टकटक करून मलाही बोलावलं. ते जिन्याखालची काढायला निघाले तर वहिनींनी अडवलं. म्हणाल्या, मांडणीवरचीच उघडा, इतकी वर्षं पुसलीय, तिच्यावर माझा हक्क आहे. आता याला नाही कोण म्हणणार?

बूच काढताना त्याचा भुगा झाला. पहिला पेला वहिनींना. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहो, सोनं झालं."

मास्तर फुलले. मीही खुशीत पेला नाकाशी नेला. नाकात असा झणका बसला की डोळ्यांना पाणी आलं. निव्वळ सिरका होता तो, व्हिनेगर. मास्तरांनीही हुंगलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

"अगं, तुला वास कसा येतोय?"

वहिनींनी हातातला पेला फिरवला. "कशाचाच येत नाही. तापापासून. परवा दूध करपलं, ते तुम्ही ओरडत आलात तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? एवढी वर्षं माझ्यासाठी राखलीत. जिभेला आंबट लागली. म्हटलं, पहिलीही आंबटच होती, तिची जातच तशी असेल."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

मास्तर उठले, जिन्याखालून एक आडवी निजलेली बाटली घेऊन आले. ती मात्र काय सांगू तुम्हाला! पिकल्या जांभळांचा वास, मागून ओल्या लाकडाचा, आणि घोट उतरल्यावरही तोंडात किती वेळ रेंगाळणारं काहीतरी. तशी मी आधी कधी प्यायलो नाही, नंतरही नाही. मास्तरांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, गेल्या वर्षी उघडली असती तर... वहिनींनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. स्वतः घोट घेतला, ही जरा कमी आंबट आहे म्हणाल्या, आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आता तुम्ही सांगा. कसा वास आहे?"

मास्तरांनी पेला नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. इतकी वर्षं वाइनवर बोललेला माणूस, पण शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "मखमलीसारखा."

"ते कापड झालं," वहिनी म्हणाल्या. "वास सांगा."

मास्तर पुन्हा हुंगू लागले. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या.