गाठ घ्यायला आलेली बाई

आमच्या इस्पितळाच्या तळघरात माझी खोली आहे. खिडकी नाही. यंत्राला हादरे सोसत नाहीत म्हणून ते तळाशी बसवलं, आणि यंत्राबरोबर मलाही. तरी गळीत हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या की पडद्यावरचं चित्र थरथरतं. मग मी हात मांडीवर ठेवून त्या जाईपर्यंत थांबते.

यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. साध्या सूक्ष्मदर्शकात पेशी दिसते, यात पेशीचं घरदार दिसतं. रक्ताचा किंवा लसीकाग्रंथींचा, म्हणजे लिम्फ नोड्सचा, कॅन्सर वरच्या मजल्यावर काचपट्टीवर उमगला नाही, तर तुकडा माझ्याकडे येतो. हल्ली निरनिराळे रंग लावून बहुतेक निदानं वरच होतात. त्यामुळे तुकडे कमी झाले. माणसं तर कधी येतच नव्हती. लग्न मी केलं नाही, संगमनेरला भाड्याच्या घरात राहते. 'ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात,' असं कॅन्टीनमध्ये माझ्याबद्दल म्हणतात. कौतुकानं म्हणतात, असं मी धरून चालते. खरं सांगायचं तर मला फार एकटं वाटतं, आणि इतक्या वर्षांत त्याची सवय झालेली नाही.

गेल्या हंगामात बेलापूरच्या एका बाईच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आला. कॅन्सर दुसऱ्या कुठल्या अवयवातून मानेत उतरलाय, की मुळात लसीकाग्रंथीचाच आहे, हे रंगांनाही सांगता येत नव्हतं. पहिला असता तर फारसं कुणाच्या हाती नव्हतं. दुसरा असता तर तो औषधाला दाद देईल अशी चांगली आशा होती. बाईंची मुलं लहान आहेत, केमो कुठली द्यायची तेच अडलंय, असं वरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

हिऱ्याच्या सुरीनं काप काढले आणि दिवा घालवून बसले. अवयवांच्या पेशी शेजारणीला धरून असतात. त्यांच्यामध्ये बारीक टाके दिसतात, गोधडीला असतात तसे. कॅन्सर झाला तरी ते बहुधा कुठे ना कुठे उरतात. मी ते टाके शोधत होते, आणि एकही सापडू नये असं मनात म्हणत होते. तेवढ्यात वरून ट्रॉल्या गेल्या. थांबले. चित्र स्थिरावल्यावर पुन्हा पाहिलं, दुसरे काप पाहिले. सगळ्या पेशी सुट्या. एकमेकींना खेटलेल्या, पण कुणी कुणाला धरलेलं नाही. ना अध्यात, ना मध्यात. म्हणजे लसीकाग्रंथीच्याच. मला हसू आलं, आणि मग रडूही. सुटं असणं कुणाच्या तरी भल्याचं ठरलं होतं. वर कळवलं. तिथं माझं काम संपतं. पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

हंगाम संपून कारखाने बंद झाले आणि रस्ता शांत झाला होता, तेव्हा कुणीतरी दार वाजवलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई. एक्स-रे वरच्या मजल्यावर आहे, असं मी नेहमीच्या तुसडेपणानं सांगितलं. ती हलली नाही.

"मॅडम, माजी गाठ तुमीच बगितली ना? वरच्या डाक्टरांनी सांगितलं. बेलापूरची मी."

मी मान हलवली. तिच्या गळ्यावर बोटभर व्रण होता.

"औषध लागू पडलं. मंग म्हनलं, आता आपुन तुमची गाठ घ्यावी."

तिच्या पेशी मी आतून-बाहेरून पाहिल्या होत्या, आणि चेहरा आत्ता पाहत होते. बसा म्हणायला गेले, तर खोलीत स्टूल एकच. ते तिला दिलं आणि मी उभी राहिले. तिनं पेशींचा फोटो मागितला. बराच वेळ बघत राहिली.

"इतक्या जवळ बसल्यात, आन् एकमेकींशी बोलत न्हाईत व्हय?"

नाही म्हटलं. तिची गाडी चुकेल म्हणून ती लवकरच उठली.

त्याच आठवड्यात मी भांडारातून दुसरं स्टूल मागून घेतलं. अजून त्यावर कुणी बसलेलं नाही. पुसते मात्र रोज.