स्कॅनरच्या काचेवर न मावलेला नकाशा

बाळांनो, या लिखाणासोबत एक फाईल पाठवली आहे. ती दोघांनीही आपापल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवा आणि तिचं नाव बदलू नका. मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही रागावून विचारलंत, "आजी, वादळाचा इशारा असताना तू घराबाहेर पडलीसच कशाला?" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहून सांगते, कारण सुनावणी जवळ आली आहे आणि मला नीट झोप लागत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या मच्छीमार सोसायटीचं दफ्तर सांभाळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. धक्क्यावरची एक खोली, एक लोखंडी कपाट, एक कॉम्प्युटर. मी आले तेव्हा बोटींचे परवाने, डिझेलच्या पावत्या आणि सभांची इतिवृत्तं एकाच गोणीत होती. मी विषयवार फायली लावल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक कॉम्प्युटरवरच्या प्रतीला दिला. कागद काढला की त्या जागी पुठ्ठा ठेवायचा, त्यावर नेणाऱ्याचं नाव. आणि मूळ कागद कचेरीबाहेर न्यायचा नाही, असा सभेत ठरावही करून घेतला.

सगळं स्कॅन झालं. राहिला फक्त खळ्याचा नकाशा. खळं म्हणजे किनाऱ्यालगतची ती मोकळी जागा, जिथे बायका बांबूंवर बोंबील वाळत घालतात. लहानपणी तुम्ही नाक धरून तिथून पळायचात. नकाशा जुना, मागून कापड लावलेला, चार घड्यांचा. आमच्या स्कॅनरच्या काचेवर तो मावेना. मोठं मशीन अलिबागला आणि ठराव आडवा. म्हणून तो कपाटाच्या तळच्या खणात आडवा ठेवला. मोठे कागद तळाशीच ठेवतात.

तेवढ्यात तहसील कचेरीची नोटीस आली. शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांसाठी त्या जागेवर पार्किंग व्हायचं होतं. जागा आपल्या वापरातली आहे असं म्हणणाऱ्यांनी सुनावणीत शिक्क्याचा मूळ कागद दाखवावा. खळं गेलं तर बोंबील वाळवायला गावात दुसरी जागाच नव्हती.

आणि दिवाळीच्या तोंडावर वादळाचा इशारा आला. संध्याकाळी दारात सोसायटीच्या चेअरमनबाई उभ्या. माझ्याच शाळेतली मुलगी, आता तिच्या दोन बोटी आहेत.

"बाई, हापिसात पानी शिरतंय. घाबरू नका. तुमचं कपाट माज्या बोटीपेक्षा जड, ते काय वाहून जानार न्हाय."

मी चप्पल शोधायला लागले.

"आता कुठं? सगलं कॉम्प्युटरमदी हाय म्हनता ना?"

"सगळं आहे. खळ्याचा नकाशा नाही."

तिचं हसू तिथेच गेलं. "तवा सांगायचं न्हाय व्हय," एवढंच म्हणाली आणि माझा दंड धरून चालू लागली.

धक्क्यावर उधाणाचं पाणी गुडघ्याला लागत होतं. वीज गेली होती. तिने मोबाईलचा उजेड धरला. खण गंजून घट्ट बसला होता. ओढताना मला लाटांचा आवाजही ऐकू येत नव्हता, फक्त लाकडासारखं काही करकरत होतं. मागाहून कळलं, ते माझेच दात. खण उघडला तेव्हा आत पाणी होतं आणि पाण्यात नकाशा, भिजलेल्या पोळीसारखा.

तिने तो उलगडायला हात घातला. मी तिच्या मनगटावर चापट मारली, पूर्वी वर्गात मारायचे तशी. ओला कागद उलगडला की घडीवर फाटतो. मासळीच्या पाटीत प्लास्टिक घालून आम्ही तो घडीसकट ठेवला आणि तिने पाटी डोक्यावर घेतली. निघताना मी सवयीने पुठ्ठा शोधू लागले.

"बाई, पुठ्ठा कसला शोधताय? माजंच नाव लिवा. मीच नेतेय ना."

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. घरात फळीवर रद्दी पसरली, तिच्यावर नकाशा, वर पुन्हा रद्दी. रद्दी ओली झाली की बदलायची. बदललेल्या प्रत्येक कागदावर निळसर डाग उमटत होता. नकाशावरची शाई होती ती. निळं काय होतं तेच मला आठवेना. विहीर? रस्ता? मी रोज सकाळी डाग बघायचे आणि मनातल्या मनात नकाशा पुन्हा काढायचे, आणि रोज तो वेगळा निघायचा. पाटीच्या वासाने शेजारची मांजर खिडकीत बसून राहायची, म्हणून खिडक्या बंद, आणि बंद खोलीत बुरशीची भीती. चेअरमनबाई रोज यायची, दारातूनच विचारायची, "वालला?" तिचं म्हणणं, उन्हात टाकू. मी म्हणायचे, ऊन लागलं तर तडकेल.

"बोंबील न्हाय तडकत."

"बोंबलावर शिक्का नसतो."

यावर ती हसली नाही. उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "पहिल्यांदा खल्यावर आले तवा आयेच्या कडेवर व्हते."

कागद वाळला असं वाटलं त्या दिवशी आम्ही दोघींनी दोन बाजूंनी घड्या उघडल्या. एक घडी कापडापर्यंत फाटली, कापडाने धरून ठेवली. मग ठराव बाजूला ठेवून आम्ही तो दोन फळ्यांमध्ये बांधून अलिबागला नेला आणि मोठ्या मशीनवर स्कॅन केला. तुमच्याकडे आली आहे ती हीच प्रत. एक माझ्याकडे, एक चेअरमनबाईकडे, एक तुमच्याकडे. तुम्ही इतक्या लांब, तिन्हीकडे समुद्र एकाच वेळी पोहोचणार नाही, असा माझा हिशेब.

सुनावणीत काय विचारतील, माहीत नाही. जे उरलं आहे ते सांगते. शिक्का वाचता येतो. विहीर आहे. गावाकडची हद्द आहे, रस्त्याकडची आहे. समुद्राच्या बाजूच्या हद्दीची रेघ होती, ती निळी होती. ती आता नाही.