पाणकराची चालती मुलाखत

एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो. ज्यांना बसून ऐकता येईल त्यांनी बसून ऐकावं, कारण आम्हाला त्या दिवशी बसता आलं नव्हतं. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका गावात, मालगुजारी जाऊन दोन-तीन पावसाळे झाले असताना, एका सरकारी मुलाखतीने तीनदा जन्म घेतला, दोनदा प्राण सोडला, आणि माझ्या डाव्या पायातली नवी चप्पल कायमची धरणीला अर्पण झाली. चप्पल गमावणारा मी एकटाच. बाकी गाव अनवाणी होतं, म्हणजे शहाणं होतं.

मी तेव्हा त्या गावचा मास्तर. वय बावीस, अक्षर वळणदार, अंगात हौस फार. चांद्याहून एक साहेब आले आणि माझं अक्षर पाहून त्यांनी मला दोन दिवसांसाठी लेखनिक करून टाकलं. त्यांच्याजवळ एक छापील कागद होता. गावात एका पुढाऱ्याची, एका कलावंताची आणि एका जुनं जाणणाऱ्याची मुलाखत घ्यायची. शिवाय तलावाच्या पाण्याची वहिवाट लिहून न्यायची. तलाव आता सरकारचा झाला होता. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला, कोणाच्या मागून पाणी मिळतं, हे आजवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. कागदावर नाव आलं की हक्क झाला. राहिलं की राहिलं.

पुढारी शोधावा लागला नाही. गावचे जुने मालगुजार सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. मालगुजारी गेली तरी 'मालक' ही हाक काही गेली नव्हती.

"आपण गावासाठी काय केलं?" साहेबांनी कागदावरचा पहिला प्रश्न वाचला.

"ते गावाले इचारा जी. म्या सांगितलं तं बढाई होते."

साहेबांनी जमलेल्या गावाकडे पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "मालक नाटकात मागून लय चांगले बोलते."

तो टोमणा नव्हता. उलट कलावंताचाही शोध तिथेच संपला. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की आमच्या गावात नाटक होई, आणि पडद्याआड पुस्तक धरून नटांना संवाद सांगायचं काम तीस वर्षं मालकांकडे होतं. पुस्तक हातात असायचं ते फक्त शोभेला. सगळ्यांचं सगळं त्यांना पाठ. नट जरा अडखळला की यांचा आवाज शेवटच्या बोऱ्यावर बसलेल्या म्हातारीलाही ऐकू जाई. एकदा राजा मरून पडल्यावर राणीला रडायचं सुचेना, तर मालक आतून इतक्या कळवळ्याने रडले, की मेलेला राजा उठून आत बघायला गेला.

ही सवय पुढे त्यांच्या हाताबाहेर गेली. लग्नात भटजीने मंगलाष्टकात श्वास घेतला की मालक पुढची ओळ म्हणत. माझ्या शाळेच्या ओट्यावर टेकले असताना एक पोरगी सातच्या पाढ्यात थांबली, तर रस्त्यावरून जाणारे लोक दचकतील एवढ्या जोराने "बेचाळीस!" आलं. त्यांना थांबणं सहन होत नसे, दुसऱ्याचं तर मुळीच नाही.

आता राहिला जुनं जाणणारा. तो म्हणजे पाणकर, तलावाचं पाणी वाटणारा म्हातारा. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायचं दगडी तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते उघडायचं, पाटाने एकेका बांधीत पाणी न्यायचं, ती भरली की पुढचीत सोडायचं, हे काम त्याच्या घरात बापाच्या बापापासून. राहायचा मालकांच्या वाडीत, आणि वर्षाचं धानही मालकांच्याच कोठीतून न्यायचा.

आणि इथे खरी अडचण होती. आमच्याकडे प्रत्येक बांधीला नाव असतं; पाटाच्या अगदी शेवटी खेकड्याची बांधी. ती एका ढीवर बाईची. दिवसभर तलावात जाळं टाकायची आणि तेवढ्या एका बांधीवर धान पिकवायची. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. तिच्या आजेसासऱ्याने एका पावसाळ्यात फुटलेली पाळ आडवं पडून धरून ठेवली, म्हणून मालकांच्या आज्याने त्या बांधीला शेवटचं पाणी दिलं, असं सगळं गाव सांगे. मालकांचं म्हणणं वेगळं होतं.

"ते दया होती जी, हक्क नोहे," ते साहेबांना म्हणाले. "उरलं तं पाणी, नाई तं राम राम. सासूच्या बांधीपाशी वहिवाट संपते."

सासूची बांधी म्हणजे शेवटून दुसरी, आणि तिच्या बाजूला मालकांनी त्याच साली एक नवी बांधी काढली होती, वाचलेलं पाणी तिच्यात वळवायला, हे साहेबांना कोणी सांगितलं नाही. भादवा संपत आला होता, पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता आणि धान निसवायला, ओंब्या टाकायला आलं होतं. बाईच्या बांधीत भेगा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुडूम उघडायचं होतं.

मी नि:पक्षपाती होतो असं म्हणणार नाही. बाई आठवड्यातून दोनदा मला झिंगे आणून द्यायची. माझा पक्ष जिभेवर ठरलेला होता. त्या सकाळी ती झिंगे न घेता आली आणि म्हणाली, "मास्तर, बुढा सांगन ते सारं लिहा. एक बी अक्षर गाळू नोका. यंदा धान गेलं तं मी बल्लारपूरले मोळ्या वाहाले जाईन, मंग खाजा तुमी डाळ."

साहेबांनी पाणकराला ओट्यावर बोलावलं. "बाबा, पहिलं पाणी कोणाला, मग कोणाला, शेवटी कोणाला? सांगा."

म्हाताऱ्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "असं बसून नाई येत जी मले."

"काय येत नाही?"

"सांगता. चाललो का पाय सांगते."

साहेबांना वाटलं टाळतोय. पण गाव एकमुखाने म्हणालं की खरं आहे, याचा बापही असाच होता. तेव्हा पुढे म्हातारा, मग सरकार, म्हणजे साहेब, आणि मी वही घेऊन, मागे मालक, त्यांच्या मागे बाई आणि तिच्या मागे अर्धं गाव, अशी वरात तलावावर निघाली. पाऊस नसला तरी तलावाच्या पाझराने वरच्या बांधांवर पाय घसरत होते. बाई मागून ओरडली, "साहेबाले म्हणा पॅन्ट वर करा, चिखल काई सरकारले भेत नाई!"

तुडुमाच्या दगडावर हात ठेवून म्हाताऱ्याने डोळे मिटले, आणि चालायला लागला. त्याच्या पावलाबरोबर शब्द पडत होते, अगदी ठेक्यात. "तुडूम उघड. मोहाची भर, मोहाची सोड. बेलाची भर, बेलाची सोड. नवरदेवाची भर, नवरदेवाची..."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "नवरदेव म्हणजे कोण? खातेदार आहे का?"

म्हातारा थांबला. इकडे तिकडे पाहिलं. मग वळला आणि थेट तुडुमाकडे चालू लागला.

"आता कुठे चालला हा?"

"तुमी तोडलं जी," बाई म्हणाली. "आता पयल्यापासून."

नवरदेवाच्या बांधीत कधीकाळी एक वरात रुतली होती, एवढंच ते. हे कळेपर्यंत पहिली मुलाखत मेली होती. दुसऱ्या खेपेला साहेबांनी तोंडावर हात ठेवला. मोहाची झाली, बेलाची झाली, नवरदेवाची झाली, वाघाची झाली, आणि जोडाची भरता भरता साहेबच भरले. पाझराच्या चिखलात, कमरेपर्यंत. त्यांना ओढता ओढता माझी चप्पल गेली. म्हातारा आपल्याच नादात पाच पावलं पुढे जाऊन थांबला, मागे वळून त्याने चिखलातल्या सरकारकडे मायेनं पाहिलं आणि पुन्हा तुडुमाची वाट धरली.

तिसऱ्या खेपेला कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. ऊन चढलं होतं. आता सगळ्यांनाच चाल पाठ झाली होती. बाया ओठातल्या ओठात म्हणत होत्या आणि मालकांची बोटं धोतराच्या सोग्यावर ताल धरत होती. मोहाची, बेलाची, नवरदेवाची, वाघाची, जोडाची. मी लिहीत होतो. माझं लक्ष मात्र म्हाताऱ्याच्या मानेकडे होतं. मागे त्याला धान देणारा मालक आणि त्या मालकाचा शब्द, सासूपाशी संपते म्हणून. ज्याचं मीठ खाल्लं त्याला अर्ध्या गावासमोर खोटं कसं पाडणार? आणि खोटं बोलावं, तर पाय सोबत येतील का?

"सासूची भर," म्हातारा म्हणाला. "सासूची सोड..."

आणि थांबला. एक पाय वर उचललेला, बगळ्यासारखा. चेहरा अगदी भोळा. मला शपथ घालून विचाराल तर सांगेन, त्याने माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला होता.

बाईने पदर तोंडात धरला. साहेबांनी पेन्सिल वर करून विचारलं, "संपलं?"

म्हातारा हलला नाही. भेगा पडलेली खेकड्याची बांधी आमच्या पुढ्यातच पिवळी पडत होती. मी मालकांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. हातात नसलेल्या पुस्तकाचं पान त्यांच्या अंगठ्याने उलटलंसुद्धा. तीस वर्षांची सवय पोटातून वर चढत होती आणि बिचारे दोन्ही हातांनी धोतर धरून तिला रोखत होते. म्हाताऱ्याने वर धरलेला पाय हळूच थोडा थरथरवला, जसा नट पुढचं वाक्य विसरला की थरथरतो.

तेवढं पुरलं. पाळीवरचे बगळे उडावेत अशा आवाजात मालक कडाडले, "खेकड्याची भर, खेकड्याची सोड, अन् तुडूम लाव! काऊन थांबला बे बुढ्या, पाठ नाई का तुले?"